विकीची सेवा सुरू होते अन् दहा सेकंदांत पडते: मॅक मिनी सर्व्हर, मदत पाहिजे

महालचा_डीटीपीवाला | शुक्रवार, रात्री ९:१२

मंडळी, पोळ्याच्या रात्री रडगाणं घेऊन आलो, सांभाळून घ्या.

नागपूरच्या महालात आमचं डीटीपीचं अन् छोट्या छपाईचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान. सर्व्हर म्हणून मॅक मिनी, २०१४ चं मॉडेल, ८ जीबी रॅम, आत २५६ जीबीची एसएसडी टाकून घेतली. मॅकओएस हाय सिएरा, त्यावर ॲपलचं सर्व्हर ॲप. पुढं का नेलं नाही हे कोणी विचारायच्या आधीच सांगतो: कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि आमचा जुन्या फॉन्टांचा सगळा कारभार ३२-बिटवर आहे.

मशीन तीन कामं करते. एक, बाहेरची ४ टीबीची डिस्क, नाव 'काम', ती तीन विंडोज कॉम्प्युटर अन् एका आयमॅकला शेअर केलेली. दोन, विकी, म्हणजे सगळ्यांना लिहिता येणारी दुकानाची वेबपानं. दर, कागदाचा स्टॉक, जॉब नंबर हे सगळं आम्ही विकीवर लिहितो. तीन, रोज सकाळी ६ वाजता एक स्क्रिप्ट आदल्या दिवशीचे स्कॅन 'आवक' फोल्डरमधून उचलून 'काम'मधल्या 'जुने'त नेऊन टाकते.

भानगड विकीची आहे. कालपासून सर्व्हर ॲपमध्ये तिचा हिरवा ठिपका येतो, जातो, येतो, जातो. पान उघडतच नाही. सेवा बंद-चालू केली, मशीन दोनदा रीस्टार्ट केली. टर्मिनलमध्ये लाँचसीटीएल लिस्ट (सेवांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर शेअरिंगच्या सेवेचं नावसुद्धा दिसत नाही, अर्ध्या ओळींपुढं नुसती आडवी रेघ. म्हणजे सगळंच बंद पडून राहिलं काय? पण फोल्डर तर चालू आहे! सिस्टिम लॉग पाहिला, त्यात कामाचं काही नाही.

अजून एक प्रकार बारा दिवसांपूर्वी झाला होता, पण तो मिटला. रात्री लाइट गेली, सकाळी पोरानं लॉगिन केलं तर 'काम' फोल्डर रिकामं, फक्त एका दिवसाचे स्कॅन. काळजात चर्र झालं. डिस्क उघडून पाहिली तर माल जागच्या जागी होता. शेअर काढून पुन्हा लावलं, झालं. तो विषय वेगळा.

दसऱ्याला चाळीस दिवस राहिले. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलसाठीची अकरा पुस्तकं आमच्याकडं आहेत, अन् कोणत्या पुस्तकाला कोणता कागद ठरला ते फक्त विकीवर आहे.


वाळ्याचा_कूलर | शुक्रवार, रात्री ९:३१

मशीन ठेवली कुठं आहे? माझ्याकडं मे महिन्यात ४५ अंशात असंच व्हायचं. मिनी माळ्यावर, खाली कूलर, कूलरची सगळी दमट हवा वर. पंखा विमानासारखा ओरडायचा अन् एकेक सेवा मान टाकायची. भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून ठेवली, फरक पडला.


उमरेड_रोड_लिनक्स | शुक्रवार, रात्री ९:३४

उबंटू लिनक्स टाका. विषय संपला.


महालचा_डीटीपीवाला | शुक्रवार, रात्री ९:४०

@वाळ्याचा_कूलर, टेबलावर मोकळी आहे, हात लावला तर कोमट. अन् बाहेर पाऊस सुरू आहे, भाऊ.

@उमरेड_रोड_लिनक्स, दसऱ्यानंतर बोलू.


तर्रीपोहे | शुक्रवार, रात्री ९:५८

घाबरू नका, अर्धी भीती तर लिस्ट वाचण्यातून आली आहे.

(कमांड उच्चारानुसार लिहून राहिलो, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत मारा.)

पहिली गोष्ट. लाँचसीटीएल लिस्ट नुसतं मारलं की फक्त तुमच्या लॉगिनचे एजंट दिसतात. सर्व्हरच्या सेवा म्हणजे डीमन, त्या सिस्टिमच्या खात्यात असतात. कमांडच्या आधी सुडो (म्हणजे रूट या मुख्य खात्याच्या अधिकारानं) लावा, मग शेअरिंग दिसेल. मीही पहिल्यांदा याच खड्ड्यात पडलो होतो, कोणी हसू नये.

दुसरी. आडव्या रेघेचा अर्थ 'बंद पडली' असा नाही. तीन रकाने असतात: पहिला प्रोसेसचा नंबर, दुसरा मागच्या वेळी बाहेर पडताना दिलेला कोड, तिसरा नाव. लाँचडी (मॅकमध्ये सेवा उठवणारा प्रोग्राम) २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीसोबत आला तेव्हापासून त्याची रीतच अशी की गिऱ्हाईक आलं की दुकान उघडायचं. कोणी हाक मारेपर्यंत सेवा चालूच होत नाही. म्हणून रेघ आणि पुढं शून्य असेल तर झोपा निवांत. रेघ आणि पुढं दुसरा आकडा असेल तर चौकशी करा. आकडा उणे असेल तर कोणीतरी सिग्नल देऊन मारली, उणे ९ म्हणजे थेट किल.

तिसरी, ते दहा सेकंद. सेवा उठल्या उठल्या मेली तर लाँचडी लगेच पुन्हा उठवत नाही, किमान दहा सेकंदांचं अंतर ठेवतो. तुमचा ठिपका येतो-जातो तो त्याच तालावर. म्हणजे लाँचडी त्याचं काम इमानदारीनं करतो आहे, मरणारा दुसराच कोणी आहे. विकीच्या मागं पोस्टग्रेसचा डेटाबेस असतो. माझा संशय तिथं.

आणि सिस्टिम लॉगमध्ये शोधू नका. सिएरापासून, म्हणजे २०१६ पासून, बहुतेक सगळं युनिफाइड लॉगमध्ये जातं. लॉग शो, पुढं डॅश डॅश लास्ट, दहा मिनिटांसाठी १०एम. कन्सोल ॲपमध्ये वाट पाहत बसण्यापेक्षा हे बरं.

सुडोवाली लिस्ट मारा आणि ज्या ओळीत दुसरा रकाना शून्य नाही तेवढ्याच इथं टाका.


महालचा_डीटीपीवाला | शुक्रवार, रात्री १०:२०

टाकतो. ॲपलच्या दोन-चार ओळी सोडल्या तर या दोन:

रेघ, १, पोस्टग्रेसची ओळ
रेघ, ११, लोकल डॉट आवक (ही माझी सकाळची स्क्रिप्ट)

पोस्टग्रेसचा अंदाज बरोबर निघाला, तर्रीभाऊ. शेअरिंग पण दिसलं, शून्य आहे.


सावजी_शेल | शुक्रवार, रात्री १०:२६

११ कडे कोणी पाहून राहिलं का? स्क्रिप्टमध्ये शेवटी आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) आहे ना? आरसिंकचा ११ म्हणजे फाइल वाचता किंवा लिहिता आली नाही. पोस्टग्रेसलाही लिहिता येत नसेल. दोन वेगळ्या सेवा, दोघींना एकाच वेळी एकच रोग. डीएफ डॅश एच मारा, डिस्कवर जागा किती उरली ते दिसेल, मी पैज लावतो.


रामटेकचा_रूट | शुक्रवार, रात्री १०:३३

अवांतर, पण लाइट गेल्याचा विषय निघाला म्हणून. फाइलव्हॉल्ट (डिस्कचं पासवर्डवालं कुलूप) चालू असेल तर लाइट आल्यावर मशीन सुरू होते पण पासवर्डच्या पडद्यावरच बसून राहते. डिस्कच उघडलेली नसते, मग एकही डीमन उठत नाही. मी अमरावतीला लग्नात, मशीन इकडं पासवर्ड मागत दोन दिवस उभी. स्वतः रीस्टार्ट करायचं असेल तर एफडीईसेटअप ऑथरीस्टार्टनं एकदा सूट मिळते, पण लाइट काही आधी विचारून जात नाही.


महालचा_डीटीपीवाला | शुक्रवार, रात्री १०:४१

फाइलव्हॉल्ट बंद आहे, बाप्पा.

सावजी, पैज जिंकलात. बूट डिस्कवर मोकळी जागा ३८ एमबी. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये पण 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हेच पुन्हा पुन्हा. खाली पोराला फोन केला तर म्हणतो, 'डिस्क भरत आली असं रोज येत होतं कोपऱ्यात, मी क्लोज करून टाकायचो.' आता काय बोलावं!

पण काहून भरली? गेल्या महिन्यात ८५ जीबी मोकळे होते. या डिस्कवर आम्ही काहीच ठेवत नाही.


बडग्या | शुक्रवार, रात्री १०:४७

कॅश साफ करा. लायब्ररीतलं कॅशेस फोल्डर पूर्ण उडवा, दहा-वीस जीबी सहज निघतात.


खामल्याची_टर्मिनलताई | शुक्रवार, रात्री ११:०५

थांबा, काही उडवू नका. उत्तर धागाकर्त्यानं स्वतःच दिलं आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, 'तो विषय वेगळा' म्हणून बाजूला ठेवून. तो वेगळा नाही.

बारा दिवसांपूर्वी काय झालं असावं ते सांगते, चूक असेल तर थांबवा.

रात्री लाइट गेली, आली, मशीन आपोआप उठली. पडद्यावर लॉगिनची खिडकी, आत कोणी नाही. आता मॅकची एक सवय: आतली डिस्क बूट होतानाच जोडली जाते, पण बाहेरची डिस्क कोणी लॉगिन केल्याशिवाय माउंट होत नाही. शेवटी हे डेस्कटॉपच आहे, वरून सर्व्हरचा कोट घातलेला. समोर माणूस बसलाच आहे हे ते धरून चालतं. डीमन मात्र माणसाची वाट पाहत नाहीत.

सकाळी ६ वाजता तुमची स्क्रिप्ट उठली. तिला जायचं होतं व्हॉल्यूम्स, म्हणजे जोडलेल्या डिस्क जिथं दिसतात त्या फोल्डरमधल्या 'काम'च्या आत. 'काम' तिथं नव्हतंच. स्क्रिप्टमध्ये मेकडिर डॅश पी (फोल्डर नसेल तर बनवणारी कमांड) आहे का? असेल तर तिनं शांतपणे 'काम' नावाचं साधं फोल्डर बनवलं, त्यात 'जुने' बनवलं आणि स्कॅन ओतले. रूटला कोण अडवणार.

नंतर पोरानं लॉगिन केलं. आता खरी डिस्क माउंट व्हायला आली, तर तिच्या नावाची पाटी आधीच लागलेली. मग मॅकनं तिला 'काम १' म्हणून बसवलं. फाइंडरमध्ये नाव 'काम'च दिसतं, म्हणून शंका आली नाही. शेअर मात्र जुन्या पत्त्यावर, म्हणजे नकली फोल्डरवर. म्हणून रिकामं, म्हणून फक्त एका दिवसाचे स्कॅन!

तुम्ही शेअर काढून फाइंडरमधून पुन्हा लावलं, ते 'काम १' ला लागलं, सगळे खूश. पण स्क्रिप्टचा पत्ता कोण बदलणार? ती बारा दिवस रोज ६ वाजता नकली 'काम'मध्ये ओतते आहे, आणि ते फोल्डर तुमच्या एसएसडीवर आहे. दिवसाचे स्कॅन किती होतात?

तपासायचं असेल तर दोनच कमांड. एलएस डॅश एल, पुढं व्हॉल्यूम्सचा पत्ता. आणि डीएफ, पुढं व्हॉल्यूम्समधल्या 'काम'चा पत्ता.


महालचा_डीटीपीवाला | शुक्रवार, रात्री ११:३२

ताई.

खाली जाऊन बसलो, लाइट पण लावला नाही, नुसत्या पडद्याच्या उजेडात. एलएसमध्ये तीन नावं आली. 'मॅकिंटॉश एचडी', 'काम', 'काम १'. 'काम'चा मालक रूट, तारीख बरोबर बारा दिवसांपूर्वीची, वेळ सकाळचे ६. डीएफनं 'काम'साठी सांगितलं: डिस्क१एस१, माउंटेड ऑन, पुढं नुसती तिरकी रेघ. म्हणजे बूट डिस्क. 'काम १' साठी सांगितलं डिस्क२एस२, ४ टीबी.

आत गेलो तर बारा तारखांची बारा फोल्डरं. रोजचे स्कॅन साधारण ७ जीबी. बारा साती चौऱ्याऐंशी. शेवटच्या फोल्डरमध्ये अर्धेच स्कॅन, तिथंच ११ आला असणार.

मेकडिर डॅश पी आहे. स्क्रिप्ट मीच लिहिली होती, अन् ती ओळ टाकताना 'चला, फोल्डर नसलं तरी अडणार नाही' म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती.

अजून एक. 'परवाचे स्कॅन जुनेमध्ये सापडत नाहीत' असं पोरं आठवडाभर सांगत होती. मी त्यांच्यावरच ओरडलो, की तुम्हाला नीट शोधता येत नाही.


बडग्या | शुक्रवार, रात्री ११:३६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


सावजी_शेल | शुक्रवार, रात्री ११:३८

बरं झालं काढला. ज्यांनी वाचला असेल त्यांच्यासाठी: व्हॉल्यूम्सच्या आत आरएम डॅश आरएफ (न विचारता सगळं उडवणारी कमांड) कधी, कधीच नाही. आज 'काम' नकली आहे. मधे कोणी रीस्टार्ट केलं, केबल काढली-लावली, नावं उलटली, तर तीच कमांड ४ टीबी खाऊन मोकळी.


बडग्या | शुक्रवार, रात्री ११:४१

मान्य. नावच बडग्या आहे, मारबतीसोबतचा पुतळा, उद्या जाळणारच मला. ह.घ्या. (हलके घ्या)


पुण्यातून_नागपूरकर | शुक्रवार, रात्री ११:४४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). उद्या मारबत ना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक! इथं ऑफिसात सांगितलं तर कोणाला कळतच नाही काय असतं ते. काळ्या-पिवळ्या मारबतींची गळाभेट झाली की कोणी व्हिडिओ टाका रे.


संपादक | शुक्रवार, रात्री ११:५०

मारबतीचा वेगळा धागा आहे. इथं सर्व्हर.


खामल्याची_टर्मिनलताई | शनिवार, सकाळी ७:१५

६ ची वेळ टळली असेल, पण आधी स्क्रिप्टच थांबवा, नाहीतर साफसफाई चालू असताना ती पुन्हा उठेल. लाँचसीटीएल बूटआउट सिस्टिम, पुढं तुमच्या प्लिस्टचा (स्क्रिप्ट कधी उठवायची ते लाँचडीला सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता.

मग नकली 'काम'मधले स्कॅन खऱ्या 'जुने'मध्ये कॉपी करा. हलवू नका, कॉपी करा. दोन्हीकडच्या फाइली मोजा, चार-पाच उघडून पाहा. जुळल्या की नकलीच्या आतले फक्त स्कॅन काढा, तारखेची रिकामी फोल्डरं आरएमडिरनं काढा, मग 'जुने', मग 'काम'. आरएमडिर गरीब कमांड आहे, फोल्डरमध्ये एक फाइल जरी उरली तरी नकार देते. तो नकारच आपल्याला हवा आहे. फाइंडरनं डीएस स्टोअरची लपलेली फाइल टाकली असेल तर तेवढ्यासाठी अडेल, ती नावानिशी काढा.

मग डिस्क इजेक्ट करा, पुन्हा लावा. 'काम १' जाऊन 'काम' आलं पाहिजे. शेअर पुन्हा त्या पत्त्यावर लावा. पोस्टग्रेसला जागा मिळाली की तो आपणहून उठेल, दहा सेकंदांच्या आत. नाही उठला तर सर्व्हर ॲपमधून विकी एकदा बंद-चालू करा, अजून काही लागणार नाही.


महालचा_डीटीपीवाला | शनिवार, सकाळी ९:४८

उठला! विकी उघडली. अकराही पुस्तकांचा कागद दिसून राहिला. स्कॅन ३,११२ इकडं, ३,११२ तिकडं. आरएमडिरनं एकदा खरंच नकार दिला, डीएस स्टोअरच होती.

आता पुढचं सांगा, पुन्हा लाइट गेली तर? इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यातच मेली. पाणी टाकायला विसरलो होतो, प्लेटा उघड्या पडल्या. आधी लाइट गेली तरी मशीनला कळायचंच नाही, म्हणून चार वर्षं ही स्क्रिप्ट गुणाची वाटली.


तर्रीपोहे | शनिवार, सकाळी १०:१०

ताईंनी रोग पकडला, पथ्य मी सांगतो.

एक, बाहेरची डिस्क लॉगिनशिवाय माउंट होईल असं करता येतं. सुडो डिफॉल्ट्स राइट, मग लायब्ररी, प्रेफरन्सेस, सिस्टिमकॉन्फिगरेशन, त्यातलं ऑटोडिस्कमाउंट, मग ऑटोमाउंटडिस्क्सविदाउटयूजरलॉगिन, शेवटी डॅश बूल ट्रू. तो लांबलचक शब्द सलग, प्रत्येक तुकड्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. पुढच्या बूटपासून लागू.

दोन, यावरही विसंबू नका. डिस्क माउंट व्हायला वेळ लागू शकतो, केबल निघू शकते. खऱ्या डिस्कच्या मुळाशी एक छोटी फाइल ठेवा, समजा 'मीच_काम'. स्क्रिप्टनं आधी ती फाइल आहे का पाहायचं. नसेल तर काही न करता कोड ७५ देऊन बाहेर. ७५ हा जुन्या युनिक्स प्रथेप्रमाणे 'आत्ता जमत नाही, नंतर या' असा कोड. लिस्टमध्ये ७५ दिसला की तुम्हाला कळेल डिस्क नव्हती. मेकडिर ठेवा, पण त्या तपासणीनंतर.

तीन, प्लिस्टमध्ये स्टँडर्डएररपाथ (चुका लिहून ठेवायच्या फाइलचा पत्ता) लिहा. तुमच्या स्क्रिप्टला लॉगच नव्हता, म्हणून ती बारा दिवस काय करत होती ते कोणाला कळलं नाही. प्लिस्ट बदलली की प्लूटिल डॅश लिंट मारून ती तपासा, आणि मालक रूट, गट व्हील असल्याची खात्री. मालकी चुकीची असेल तर लाँचडी ती फाइल घेतच नाही.


उमरेड_रोड_लिनक्स | शनिवार, सकाळी १०:२५

काल चिडवलं, आज गंभीरपणे. सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या लाँचडीत, याला एक ओळ आहे, रिक्वायर्समाउंट्सफॉर, पुढं पत्ता. डिस्क माउंट झाल्याशिवाय सेवा उठतच नाही. लाँचडीत असं काही नाही?


तर्रीपोहे | शनिवार, सकाळी १०:३१

नाही. लाँचडीला 'आधी हे, मग ते' असा क्रम सांगताच येत नाही, तो मुद्दामच तसा बनवला आहे. ज्यानं त्यानं आपल्याला जे हवं त्याची आपण वाट पाहावी असा त्याचा खाक्या. प्रामाणिकपणे सांगतो, या एका बाबतीत तुमचं उबंटू सरस.


सावजी_शेल | शनिवार, सकाळी १०:४४

स्टार्टऑनमाउंट नावाची एक किल्ली आहे, पण डीटीपीच्या दुकानात नको. कोणतीही डिस्क लागली की ती सेवा उठते, कोणतीही म्हणजे गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हसुद्धा. लग्नपत्रिकांच्या दिवसांत दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह लागतील, पन्नास वेळा स्क्रिप्ट.

बाकी विंडोजवाल्यांनी हसू नये. तिकडंही तेच दुखणं. लॉगिन करून मॅप केलेला झेड ड्राइव्ह बॅकग्राउंड सर्व्हिसला दिसत नाही, कारण ड्राइव्हची अक्षरं ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरती. हातानं चालवलं की चालतं, सर्व्हिस म्हणून लावलं की पडतं. तिथं पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो.


धंतोलीचा_नवशिक्या | शनिवार, सकाळी ११:०२

धाग्यात घुसतो, माफी. माझी स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालते, लाँचडीतून १२७ देते. काय असेल?


सावजी_शेल | शनिवार, सकाळी ११:०४

१२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. होमब्रूनं (प्रोग्राम टाकायचं साधन) टाकलेलं काहीतरी वापरता ना? लाँचडीचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या जागांची यादी, तोकडा असतो, त्यात यूजर लोकल बिन नाही. पूर्ण पत्ता लिहा. आणि प्लिस्टमध्ये घराच्या फोल्डरसाठी नागमोडी खूण टाकली असेल तर तीही उलगडत नाही.


धंतोलीचा_नवशिक्या | शनिवार, सकाळी ११:१९

झालं! आठवडा घालवला होता. धन्यवाद.


रामटेकचा_रूट | शनिवार, सकाळी ११:३०

नवीन मॅकवर हा धागा वाचणाऱ्यांसाठी: कॅटालिनापासून अजून एक दार आहे. लाँचडीतून उठलेली स्क्रिप्ट बाहेरच्या डिस्कला हात लावायला गेली की 'ऑपरेशन नॉट परमिटेड', रूट असली तरी. फुल डिस्क ॲक्सेस द्यावा लागतो.

आणि धागाकर्त्याला विनंती, विकीवरचा मजकूर कुठंतरी उतरवून ठेवा. २०१८ च्या ५.७.१ मध्येच सर्व्हर ॲपमधून विकी, मेल, डीएनएस, व्हीपीएन सगळं गेलं, २१ एप्रिल २०२२ ला तर ॲपच बंद झालं. फाइल शेअरिंग आणि टाइम मशीनचं ठीक, ते हाय सिएरापासून मूळ मॅकओएसमध्येच आहे. विकी मात्र तुमच्या या मशीनसोबतच जाणार. आणि राउटरवरून बाहेरच्या जगाला ही मशीन उघडी ठेवली असेल तर ते आजच बंद करा.


महालचा_डीटीपीवाला | शनिवार, दुपारी १२:१०

बाहेर उघडी नाही, दुकानापुरतीच आहे. विकीचे दर अन् कागदाची पानं पीडीएफ करून आयमॅकवर ठेवली, बाकीचं दसऱ्यानंतर.

आता परीक्षा घेणार होतो, पण खाली ढोल सुरू झाले. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, कारागीर कोणीच पोचू शकत नाही. म्हणजे प्लग ओढायला आजच्यासारखा मुहूर्त नाही.


महालचा_डीटीपीवाला | शनिवार, संध्याकाळी ६:३५

परीक्षेचा निकाल.

पहिली फेरी: चालू मशीनचा प्लग ओढला. मिनिटभर थांबून लावला. मशीन उठली, लॉगिनच्या खिडकीवर थांबली. कोणीही लॉगिन केलं नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवरून 'काम' उघडलं, सगळा माल समोर. विकी पण उघडली. लाँचसीटीएल किकस्टार्टनं स्क्रिप्ट हातानं उठवली, 'मीच_काम' सापडली, स्कॅन गेले, कोड शून्य.

दुसरी फेरी: डिस्कची केबल काढून पुन्हा तेच. स्क्रिप्टनं ७५ दिला अन् गप्प बाहेर पडली. व्हॉल्यूम्समध्ये पाहिलं, नकली 'काम' नाही. तिसऱ्यांदा करून पाहिलं, तरी नाही.

स्कॅनवाल्या पोराला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं. तो तान्ह्या पोळ्याला पुतण्याचा लाकडी बैल घेऊन फिरत होता, ढोलांच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही, 'उद्या येतो दहाला' म्हणाला. सोमवारी समोर सांगतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्यालाही सोमवारचंच बोलावलं आहे.

दुपारी मारबत दुकानासमोरून गेली तेव्हा गॅलरीत उभा होतो. खाली पोरं महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा ओरडत होती. मी पण ओरडून घेतलं, शेजारचे काका पाहतच राहिले: मेकडिर डॅश पी घेऊन जा गे मारबत!


बडग्या | शनिवार, संध्याकाळी ६:५२

आणि आरएम डॅश आरएफ पण.